पिवळ्या रंगात न मावणारा पुरा

विकास आराखडा आखण्याआधी विद्यमान जमीन-वापराचा नकाशा तयार करावा, असे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ सांगतो. अशा नकाशात निवासी भाग पिवळा रंगवतात. अंजनगाव सुर्जीत हा पिवळा रंग बरेच काही झाकतो. शहानूरकाठच्या या जोडगावाला इतिहासाची पुस्तके ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या तहापुरती ओळखतात. वऱ्हाड मात्र पानमळ्यांमुळे ओळखतो. जुन्या गॅझेटियरने पानाबरोबर इथल्या टोपल्यांचीही दखल घेतली होती. या दोन गोष्टींचे नाते उघड आहे. नागवेलीचे पान उन्हात टिकत नाही. ते ओलसर ठेवून, निवडून, मोजून टोपलीत रचावे लागते. अशा धंद्याला सावली, पाणी, टोपली विणणारा शेजारी आणि घरातल्या सगळ्यांचे हात लागतात. म्हणून तो सहज ओट्यावर येतो, आणि ओटा राहण्याची जागा की कामाची, हे रंगाने ठरत नाही. तिथे काय चालते ते पायी जाणाऱ्यालाच दिसते.

पायी फिरून झालेले मत ही एकाची लहर, असा आक्षेप येईल. तो अर्धा खरा आहे: वैशाखातल्या भर दुपारी ओसाड वाटणारा पुरा, म्हणजे गावातली वस्ती, दिवस कलल्यावर गजबजतो. त्यावर उपाय म्हणजे वेगवेगळ्या वेळी जाणे, बायामाणसांनाही सोबत घेणे आणि मोजता येईल ते टिपणे: उघडी दारे, तुंबलेल्या नाल्या, बसते ओटे. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झालेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस आधी गल्ल्या पायाखाली घालत, मगच आराखडा सुचवत. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध होता. याच तालुक्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरताच आधी खराटा चालवत, कीर्तन रात्री. गावाची घाण कुठे साचते हे त्यांना कोणी सांगावे लागत नसे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ओट्याचे कौतुक करताना पुरे जातीजातींनी वसले हे विसरायचे काय? मुळीच नाही. सिमेंटचा रस्ता कुठे संपतो, नळ कुठवर पोचतो, हेही चालतानाच कळते. पिवळा रंग ही विषमताही तितकीच झाकतो. नव्या ले-आउटमध्ये मोकळी हवा, घरातला नळ, गाडी लावायला जागा मिळते, आणि ती सोय कोणाला नको असेल? पण आवारभिंत आली की ओटा जातो, आणि त्यावर चालणाऱ्या कामाला दुसरी जागा कोणी दिलेली नसते. म्हणून जमीन-वापराच्या नकाशासोबत गल्लीवार पायी पाहणीची नोंद जोडावी आणि ती हरकती मागवण्याआधी लोकांसमोर ठेवावी. ओट्यावरचे काम कागदावर आलेच नाही, तर रस्ता रुंद करताना त्याची भरपाई कोण मागणार?