तिसरी घंटा आणि थेट क्लोजअप!

लाइट्स, कॅमेरा... अहो, थांबा! आधी नांदी, मग तिसरी घंटा, आणि मगच ॲक्शन! आपल्या कितीतरी लाडक्या स्टार्सचा मूळ पत्ता स्टुडिओचा नाहीच, तो आहे विंगेतला. नाटकाच्या बसमधून उतरून थेट मोठ्या पडद्यावर चढलेल्या या मंडळींचे किस्से म्हणजे फुल्ल टू धमाल. चला, सीट पकडा!

माहीत आहे का, भारतीय सिनेमाचा पहिलावहिला हीरो नाटकातून आला होता? ३ मे १९१३. गिरगावचं कोरोनेशन थिएटर. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' झळकला आणि राजाच्या भूमिकेत होते मराठी रंगभूमीवरचे दत्तात्रय दामोदर दाबके.

हीरो मिळाला, हिरॉइन मिळेना! कॅमेऱ्यासमोर उभी राहायला एकही बाई तयार होईना. मग तारामती कोण झालं? हॉटेलात आचारी असलेले अण्णा साळुंके! भट्टीवरून थेट राजवाड्यात. आणि इथेच संपत नाही हं. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये याच अण्णांनी राम आणि सीता दोघंही साकारले. आपल्याकडचा पहिला डबल रोल, आणि त्यात नवरा-बायको एकच माणूस!

बरं, पडद्यावर बाई आली कधी? 'राजा हरिश्चंद्र' आला त्याच वर्षी! 'मोहिनी भस्मासुर'मध्ये पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला. माय-लेकी दोघी नाटकात मुरलेल्या. कमला तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती, पण स्टेजवरचा तिचा अनुभव विचाराल तर ती केव्हाच सिनियर झाली होती.

हीच कमला पुढे कमलाबाई गोखले झाली. मुलगा चंद्रकांत गोखले, नातू विक्रम गोखले. आता खुर्ची घट्ट धरा. विक्रम गोखल्यांना 'अनुमती'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'पानसिंग तोमर'वाल्या इरफान खानबरोबर विभागून. त्या पुरस्कारांचा सोहळा कधी झाला, माहीत आहे का? ३ मे २०१३! 'राजा हरिश्चंद्र'ला बरोब्बर शंभर वर्षं झाली त्याच दिवशी. ज्या घरातून पडद्यावरची पहिली नायिका आली, त्याच घरात हा सन्मान गेला. पटकथेत कुणी असा योगायोग लिहिला असता, तर निर्माता म्हणाला असता, 'जरा जास्तच होतंय, काढा हे!'

शालू, शेला आणि संत

नाटकातला सुपरस्टार कोण, तर स्त्री-भूमिका करणारे बालगंधर्व. त्यांची साडी, त्यांची नथ, त्यांची केशरचना, सगळं घराघरांत कॉपी व्हायचं. मग हा माणूस सिनेमात आला तर कोणत्या रूपात? भामिनी? सिंधू? छे! 'प्रभात'च्या १९३५च्या 'धर्मात्मा'मध्ये बालगंधर्व झाले संत एकनाथ. शालूचा बादशहा पडद्यावर आला तो पुरुष म्हणून!

आणि या सिनेमाचे दिग्दर्शक? व्ही. शांताराम. ट्विस्ट ऐका. हेच शांताराम पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत पडेल ते काम करत होते. ज्या कंपनीत हरकाम्या म्हणून राबले, त्याच कंपनीच्या मालकाला वीसेक वर्षांनी 'ॲक्शन' सांगितली. याला म्हणतात रोल रिव्हर्सल!

स्त्री-पार्टी करणारा आणखी एक नट पडद्यावर संत झाला आणि त्याने इतिहास घडवला. विष्णुपंत पागनीस! १९३६चा 'संत तुकाराम' मुंबईत सलग वर्षभराहून जास्त चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या सर्वोत्तम तीन चित्रपटांत गणला गेला. पागनिसांच्या हालचालीतला मऊपणा, आवाजातलं आर्जव हे सगळं साडी नेसून कमावलेलं भांडवल होतं, असं मला ठामपणे वाटतं. तो तुकोबा आजही पाहा. नट दिसतच नाही, फक्त तुकोबा दिसतात.

माहीत आहे का, पहिल्या मराठी बोलपटाचा राजा मुळात पेटीवाला होता? १९३२च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गा खोट्यांसमोर हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे हे नामांकित हार्मोनियमवादक. 'मानापमान'च्या चाली त्यांच्याच! दुर्गाबाईंनी मात्र उलटी गाडी पकडली. आधी पडदा गाजवला आणि नंतर मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून रंगमंचावर पाऊल ठेवलं.

बालगंधर्वांवरून आठवलं. २०११च्या 'बालगंधर्व'मध्ये नारायणराव, म्हणजे खुद्द बालगंधर्व, कोण? सुबोध भावे. नारायणरावांना बालगंधर्व ही पदवी दिली कुणी? लोकमान्य टिळकांनी. आणि २०१५मध्ये पडद्यावर लोकमान्य कोण झालं? पुन्हा सुबोध भावे! म्हणजे पदवी देणारा तोच आणि घेणारा तोच. क्या बात!

डॉक्टर, नाडी नको, टाळी द्या!

मराठी पडद्यावर डॉक्टरांची इतकी गर्दी का, हे कोडं आहे. पण काय कमाल गर्दी!

डॉ. श्रीराम लागू: कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात प्रॅक्टिस, टांझानियात प्रॅक्टिस. आणि १९६९मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, स्टेथोस्कोप खाली ठेवून पूर्णवेळ नट! पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आणि १९७२मध्ये 'पिंजरा'. दिग्दर्शक कोण? तेच, व्ही. शांताराम. नाटकातलं सोनं हेरायची या माणसाची नजर काही म्हातारी होत नव्हती.

डॉ. काशिनाथ घाणेकर: दातांचे डॉक्टर. 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी. त्यांचं नाव घोषणेत सगळ्यांत शेवटी यायचं, 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर!' आणि थिएटर डोक्यावर घेतलं जायचं. 'मराठा तितुका मेळवावा', 'पाठलाग' असे सिनेमेही त्यांनी गाजवले. त्यांच्यावरच्या २०१८च्या चित्रपटाचं नावच त्या घोषणेवरून ठेवलं. भूमिकेत कोण? ओळखा! सुबोध भावे. हॅटट्रिक!

घाणेकरांनी वसंत कानेटकरांच्या 'अश्रूंची झाली फुले'त साकारलेल्या 'लाल्या'ने तर त्यांच्याहून लांब उडी मारली. या नाटकावरून १९६९मध्ये हिंदीत 'आँसू बन गये फूल' आला. त्यानंतर १९८४मध्ये यश चोप्रांचा 'मशाल' आला तो याच नाटकावरून. त्यात हा टारगट पोरगा झाला अनिल कपूर, आणि त्याला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. झकास भूमिकेचं मूळ मराठी स्टेजवर!

आता सगळ्यांत भारी. १९७५चा 'सामना' आठवतो? दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, बालरोगतज्ज्ञ. मास्तर झालेले डॉ. लागू, सर्जन. मारुती कांबळे झालेले डॉ. मोहन आगाशे, मानसोपचारतज्ज्ञ आणि 'घाशीराम कोतवाल'चे नाना. एका सिनेमात तीन डॉक्टर, आणि समोर खमका हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले. निळूभाऊ आधी कुठे कामाला होते, माहीत आहे का? पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी! सेवा दलाचं कलापथक, मग 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य, मग 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा. आणि मग 'सामना'त या डॉक्टर मंडळींना पुरून उरले.

'घाशीराम' निघालाच आहे तर हेही घ्या. १९७६मध्ये त्याचा सिनेमा झाला, आणि घाशीराम म्हणून पडद्यावर पदार्पण केलं ओम पुरींनी!

बँकेतली खाती, पडद्यावरची ख्याती

अशोक सराफ: स्टेट बँकेत नोकरी. दिवसा लेजर, रात्री नाटक. 'ययाति आणि देवयानी'तल्या विदूषकाने सुरुवात झाली, १९७५च्या 'पांडू हवालदार'ने पडद्यावर नाव झालं, आणि २०२३चा 'महाराष्ट्र भूषण' खात्यात जमा!

अमोल पालेकर: बँक ऑफ इंडियात नोकरी. सत्यदेव दुबेंच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९७१च्या चित्रपटातून पडद्यावर आले, मग 'रजनीगंधा', 'छोटी सी बात', 'चितचोर'. बस स्टॉपवर उभा असलेला तुमच्याआमच्यासारखा हीरो! 'शांतता'त लीला बेणारे मात्र स्टेजवरही आणि पडद्यावरही एकच: सुलभा देशपांडे. त्या भूमिकेत दुसरं कुणी बसवायची हिंमत करणार तरी कोण?

राजा गोसावींचा किस्सा तर फ्रेम करून लावावा असा. पुण्याच्या 'भानुविलास' थिएटरात ते बुकिंग क्लार्क. तिथेच 'लाखाची गोष्ट' लागला. हीरो कोण? राजा गोसावी. तिकीट कोण फाडतंय? राजा गोसावी!

लक्ष्मीकांत बेर्डेही असेच. साहित्य संघात नोकरी करता करता 'टुरटुर'मध्ये तुफान हशा वसूल केला, 'धूमधडाका'ने घराघरांत पोचले आणि १९८९मध्ये थेट 'मैंने प्यार किया'. त्याच सिनेमात सलमानची आई झाल्या रीमा लागू, त्याही मराठी रंगभूमीच्याच. दहा वर्षांनी 'वास्तव'मध्ये रीमाताई संजय दत्तच्या आई झाल्या, आणि वयाने त्याच्याहून फक्त एक वर्षाने मोठ्या होत्या!

याच्यावरही कडी केली रोहिणी हट्टंगडींनी. 'अग्निपथ'मध्ये त्या अमिताभच्या आई, आणि वयाने अमिताभहून तब्बल साडेआठ वर्षांनी लहान. पुण्याच्या या रोहिणी ओक राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आल्या, 'गांधी'त कस्तुरबा झाल्या आणि थेट बाफ्टा पुरस्कार घेऊन आल्या. सहायक अभिनेत्रीचा!

दादा, नाद करायचा नाय!

सेवा दलातला, अपना बाजारात नोकरी करणारा नायगावचा कृष्णा कोंडके. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये हवालदार झाला आणि प्रयोगामागून प्रयोग हाऊसफुल्ल. प्रेक्षकांत एकदा आशा भोसले होत्या. त्यांनी भालजी पेंढारकरांकडे नाव टाकलं आणि १९६९चा 'तांबडी माती' मिळाला. पुढचं गिनेस बुकात आहे: एकापाठोपाठ एक नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव! अशी दाद मिळाली तरच 'दादा' म्हणायचं.

माहीत आहे का, 'अर्धसत्य'मधला थंड डोक्याचा रामा शेट्टी एका विनोदी नाटकातून सापडला? 'हँड्स अप!'मध्ये गोविंद निहलानींनी सदाशिव अमरापूरकरांना पाहिलं. नगरच्या या नटाने सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर पटकावलं. 'सडक'मधल्या महाराणीसाठी त्यांना खलनायकाचा फिल्मफेअर मिळाला, तो पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी. पहिलावहिला!

अतुल कुलकर्णी नाटकात गांधी झाले, 'गांधी विरुद्ध गांधी'त. आणि कमल हासनच्या 'हे राम'मध्ये गांधीहत्येच्या कटातला अभ्यंकर! त्याच भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार. दोन्ही टोकं एकाच नटाने धरली.

साताऱ्याचे सयाजी शिंदे 'झुलवा' नाटकाने चर्चेत आले, 'शूल'ने हिंदीत हादरा दिला, आणि २०००मध्ये? तमिळ महाकवी सुब्रमण्यम भारती! 'भारती' चित्रपटात तमिळ अस्मितेचा मानबिंदू साकारायला निवडला गेला मराठी गडी. ही उडी मला सगळ्यांत लांब वाटते, कारण भाषासुद्धा ओलांडली.

'झुलवा'ची जादू थांबत नाही. कबड्डी खेळणारी छाया कदम वामन केंद्रेंच्या कार्यशाळेत शिरली, 'झुलवा'त उभी राहिली, आणि २०२४मध्ये 'लापता लेडीज'ची मंजूमाई होऊन देशभर लाडकी झाली. त्याच वर्षी तिचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' कान महोत्सवात ग्राँ प्री जिंकून आला. कबड्डी, कबड्डी, कान!

'सही रे सही' २००२मध्ये आलं आणि भरत जाधव एकाच प्रयोगात इतक्या भराभर रूपं बदलायचे की प्रेक्षक विंगेकडे बघत बसायचे, हा गेला कुठून नि आला कुठून! त्यातल्या गलगलेला लोकांनी इतकं डोक्यावर घेतलं की २००८मध्ये त्याला स्वतंत्र सिनेमा मिळाला, 'गलगले निघाले'. नाटकातलं पात्र निघालं ते थेट पोस्टरवर!

आणि उडी न मारता रेकॉर्ड करणारा? प्रशांत दामले! सिनेमे केले, पण मुक्काम स्टेजवरच. ६ नोव्हेंबर २०२२ला षण्मुखानंदमध्ये त्यांचा १२,५००वा प्रयोग झाला. आणि १९९५मध्ये तर त्यांनी वर्षाच्या ३६५ दिवसांत किती प्रयोग केले, माहीत आहे का? ४५२!