44 ज्यूल आणि एक सप्प!

धार जिल्ह्यातल्या बाग या गावात कापडावर ठसे उठवून झाले, वाळले, की कापड पाण्यावर नेतात. बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात तुरटीचा आणि लोखंडी गंजाचा जादा लेप सुटायला हवा, नाहीतर पुढे अलिझरिन रंगाच्या भट्टीत नक्षीभोवती डाग पडायचे. या धुण्याला तिथे विछलिया म्हणतात. कानाला अगदी आपलं 'विसळणं'च! ओलं कापड उचलायचं, फिरवायचं आणि दगडावर आपटायचं. सप्प!

त्या एका 'सप्प'मध्ये दोन अगदी वेगळ्या स्वभावांची बलं गाठ घेतात.

समजा ओलं कापड 3 किलोचं आहे आणि उचललंत दीड मीटर. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध खर्च सुमारे 44 ज्यूल. सरळ वर न्या, खांद्यावरून फिरवा, वाटेत दोन गिरक्या द्या, त्याच्या वहीत आकडा तोच! कुठून निघालात आणि कुठे पोचलात, एवढंच त्याला कळतं. कापड खाली येताना ते 44 ज्यूल वेगाच्या रूपात परतही मिळतात. हवेने खाल्लेली चिमूट सोडा. अशा बलाला संरक्षी म्हणतात.

घर्षण मात्र टांगेवाल्यासारखं. जेवढी वाट, तेवढं भाडं. कापड दगडावर हातभर घासलंत, मोजा. मागे ओढलंत? पुन्हा मोजा! पण कापड स्वच्छ होतं ते याच खडूसपणामुळे. दगडाने सगळं परत केलं असतं, तर कापड चेंडूसारखं उसळून हातात आलं असतं, लेपासकट!

मग ते 44 ज्यूल गेले कुठे? थोडे आवाजात, थोडे उडालेल्या थेंबांत, बाकीचे उष्णतेत. 1840 च्या दशकात जेम्स ज्यूलने खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर पाण्यात वल्ही फिरवून हीच उष्णता मोजली होती. केवढी चिकाटी! कारण आपल्या 44 ज्यूलची सगळी उष्णता कापडातच राहिली, तरी ते अंशाच्या 200 व्या भागाइतकंही तापणार नाही.

आणि आता खरी गंमत. दगडाच्या नि धाग्याच्या अणूंपर्यंत खाली उतरलात, तर घर्षण नावाचं वेगळं बल तिथे सापडतच नाही! असते ती अणूंमधली विद्युत ओढाताण, आणि तिचा हिशेब चोख. ऊर्जा असंख्य अणूंच्या थरथरीत वाटली जाते, इतकंच. कुणाच्या वाट्याला किती आली हे टिपणं आपल्याला झेपत नाही, म्हणून आपण ती 'वाया गेली' म्हणतो.

पुढचं 'सप्प' ऐकू येईतो ती थरथर बाघिनीच्या पाण्यात मिसळून नर्मदेच्या वाटेला लागलेली असते.