घरचा पट (भाग ४) : इंजिन फुकट, मग पैसे कशाचे?

मागच्या भागात आपण पीजीएन फाइलपर्यंत, म्हणजे डाव लिहून ठेवायच्या साध्या फाइलपर्यंत, आलो होतो. त्यापुढे पालकांचा हमखास येणारा प्रश्न असा : मुलगी स्पर्धा खेळते, घरी एक लॅपटॉप आहे, तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं? या एका प्रश्नात तीन वेगळ्या वस्तू असतात. चाली शोधणारं इंजिन, पट दाखवणारा प्रोग्रॅम आणि आजवर खेळल्या गेलेल्या डावांचा साठा. विकताना बऱ्याचदा तिन्ही एकाच खोक्यात घालून विकतात, म्हणून घोटाळा होतो.

इंजिनाचा निकाल सर्वांत लवकर लागतो. स्टॉकफिश घ्या आणि विषय मिटवा. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाड यांच्या ग्लॉरुंग या इंजिनावरून २००८ साली इटलीच्या मार्को कोस्ताल्बा यांनी ते उभं केलं. ते तेव्हापासून फुकट आहे, त्याचा कोडही खुला आहे आणि आज जगातल्या कोणत्याही ग्रँडमास्टरला ते साध्या लॅपटॉपवरून हरवतं. निराळं इंजिन विकत घेण्यात घरच्या खेळाडूला काही हशील नाही. २०२१ मध्ये तर स्टॉकफिशच्या मंडळींनी चेसबेस कंपनीला कोर्टात खेचलं होतं. फॅट फ्रिट्झ २ या नावाने विकलं जाणारं इंजिन म्हणजे परवान्याच्या अटी मोडून विकलेलं स्टॉकफिशच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२२ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली.

स्टॉकफिश उतरवून त्यावर डबल क्लिक केलं की एक काळी खिडकी उघडते. तिच्यात नावाची एक ओळ, खाली लुकलुकणारा कर्सर, बस्स. पट नाही, मोहरी नाहीत. बरेच जण इथेच दचकतात आणि फाइल पुसून टाकतात. इंजिनाला स्वतःचा पट नसतोच. २००० सालापासून यूसीआय नावाची एक ठरलेली बोली आहे, आणि ती समजणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला हे इंजिन जोडता येतं. खिडकी उघडून तत्क्षणी मिटली तर बहुधा तुमचा प्रोसेसर जुना आहे आणि तुम्ही एव्हीएक्स२ची, म्हणजे नव्या प्रोसेसरसाठीची, आवृत्ती उतरवली आहे. जुन्या प्रोसेसरसाठीची वेगळी आवृत्ती तिथेच असते.

पट दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर फार वेळ घालवू नका. अरेना, लुकास चेस, एन क्रोसाँ हे सगळे फुकट आहेत. माझा कौल स्किड व्हर्सेस पीसीला. दिसायला ते जुनाट, सरकारी कचेरीतल्या फॉर्मसारखं. पण लाखो डावांतून हवी ती स्थिती पटकन काढून देतं आणि मॅक, लिनक्सवरही चालतं.

खरी निवड आहे ती साठ्याची, आणि तिथेच लोक कमी विचार करतात. एक ओळखीची स्थिती घेऊ. इटालियन ओपनिंगमध्ये काळ्याने दुसरा घोडा एफ६ वर काढला, पांढऱ्याचा घोडा जी५ वर जाऊन एफ७ च्या प्याद्यावर डोळा ठेवून बसला, काळ्याने डी५ खेळलं आणि पांढऱ्याने ते प्यादं मारलं. आता घोड्याने ते परत घ्यावं असं कोणालाही वाटतं. लीचेस दर महिन्याला आपल्याकडचे डाव फुकट खुले करतं. त्यात सर्वसाधारण खेळाडूंनी केलेली ही चाल ढिगाने सापडते, आणि काळ्याने जिंकलेले डावही त्यात असतात. आता हीच स्थिती मास्टर्सच्या डावांत शोधा. तिथे घोडा ए५ वर जाऊन उंटावर हल्ला करतो आणि प्यादं खुशाल सोडून देतो. स्टॉकफिशही तेच सुचवतं, कारण घोड्याने डी५ वर मारलं की पांढऱ्याकडे डी४ आहे, नाहीतर थेट एफ७ वर घोड्याचा बळी. स्थिती एकच, पण कोणाच्या डावांत शोधलं यावर उत्तर बदललं. प्रतिस्पर्धी काय खेळेल ते पहिल्या साठ्यातून कळतं. आपण काय खेळावं ते दुसऱ्यातून.

मास्टर्सच्या डावांसाठी मार्क क्राउदर यांचं ‘द वीक इन चेस’ पुरे आहे. १९९४ पासून ते दर आठवड्याला जगभरच्या स्पर्धांतले डाव देत आले आहेत, पीजीएनमध्ये आणि विनामूल्य. ते स्वतः जोडत गेलात तर नावांचा गोंधळ मात्र निस्तरावा लागतो. नाशिकच्या विदित गुजराथीचे डाव शोधा : कुठे आडनाव आधी, कुठे नाव आधी, कुठे नुसतं आद्याक्षर. एकाच नावाने शोधलंत तर बरेच डाव हातचे निसटतील. स्किडमध्ये नावं एकत्र करायची सोय आहे. एक संध्याकाळ त्यात घालवावी.

आता सेटिंग. चार कोअर असतील तर इंजिनाला तीन द्या, नाहीतर पंखा घरघरतो आणि बाकी सगळं अडतं. आठ जीबी मेमरीत एक जीबी हॅश, म्हणजे इंजिनासाठी राखलेली मेमरी, पुष्कळ झाला. चालींच्या एका ओळीऐवजी तीन ओळी दाखवायला सांगा. आकड्यांचं म्हणाल, तर +१ म्हणजे एक प्यादं जास्त, हा जुना हिशेब आता धरू नका. स्टॉकफिश १५.१ पासून +१ चा अर्थ एवढाच, की इथून इंजिन स्वतःशीच खेळलं तर त्या बाजूने जिंकायची शक्यता निम्मी. तेव्हा +०.३ आणि +०.१ यांतल्या फरकावरून शाळकरी मुलीची ओपनिंग बदलू नका.

मग हे सगळं फुकट असताना डावांच्या साठ्यासाठीचं चेसबेस हे विकतचं सॉफ्टवेअर कोणी घ्यावं? कास्पारोव्हने १९८५ मध्ये हॅम्बुर्गच्या क्लबच्या आठ खेळाडूंशी एकाच वेळी खेळून ३.५–४.५ असा मार खाल्ला होता. १९८७ मध्ये नव्या चेसबेसवर त्यांचे डाव अभ्यासून तो परत गेला आणि ७–१ ने जिंकला. म्हणजे नाव घेऊन समोरच्याची तयारी करणं, हे या सॉफ्टवेअरचं पहिल्यापासूनचं काम. ते काम ज्याला दर फेरीआधी पडतं त्याने हजारो रुपये जरूर मोजावेत. टिप्पण्यांसह मिळणारे चेसबेसच्या मेगा डेटाबेसमधले डाव फुकटच्या साठ्यांत नाहीत. प्रशिक्षक त्याच्याच फाइली पाठवत असतील तरीही घ्यावं. मात्र ते विंडोजवरच चालतं. शिवाय त्याचा एक डेटाबेस म्हणजे एकाच नावाच्या बऱ्याच फाइली : सीबीएचमध्ये मथळे, सीबीजीमध्ये चाली. पेनड्राइव्हवर नुसती सीबीएच फाइल नेली तर चाली घरीच राहतात. म्हणून आधी सीबीव्ही करून एकच गठ्ठा बांधावा.

पुढच्या आठवड्यात एंडगेमचे तक्ते : पाच मोहऱ्यांपर्यंतचे सिझिजी तक्ते साधारण १ जीबीत मावतात, सहाचे दीडशे जीबीच्या घरात जातात.