चाळीस बिटांचा निरोप

पट्टी घ्या आणि कागदावर सात मिलिमीटर बाजूचा एक चौकोन काढा. काढलात? रास्पबेरी पाय पिको नावाच्या बोर्डावर जी काळी चिप बसवलेली असते, ती बरोबर एवढीच असते. तिचं नाव आरपी२०४०. ती २०२१ साली आली. एवढ्याशा चौकोनात एक आख्खा संगणक मावलाय, आणि त्याच्याशी आपल्याला चक्क पायथन भाषेत बोलता येतं. मला तर हे आजही भारी वाटतं!

अशा चिपला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. तुमच्या घरात असे मायक्रोकंट्रोलर आधीपासूनच असतील. वॉशिंग मशीनमध्ये असेल, टीव्हीच्या रिमोटमध्ये असेल, मायक्रोवेव्हमध्ये असेल. बटण दाबलं का, पाणी किती भरलं, मोटर कधी थांबवायची, हे बघणं त्यांचं काम. त्यासाठी मेमरी फारशी लागत नाही, म्हणून त्यांना ती थोडीच दिलेली असते. आरपी२०४० ची कामाची मेमरी, म्हणजे रॅम, आहे २६४ किलोबाइट. तुमच्या शाळेतल्या संगणकाला ८ गिगाबाइट रॅम असेल, तर ती हिच्या तीस हजार पटींहूनही जास्त झाली.

आता पायथनचं ऐका. गिडो व्हान रॉसम यांनी ही भाषा १९९१ मध्ये जगापुढे आणली. वाचायला सोपी, लिहायला सोपी. एक ओळ टाइप करा, एंटर दाबा, लगेच उत्तर हजर. पण असं चटकन उत्तर द्यायला तिला जागा भरपूर लागते आणि वेळही. त्यामुळे मायक्रोकंट्रोलरवर काम करणारी माणसं वर्षानुवर्षं सी भाषा वापरायची, नाहीतर त्याहून किचकट असेंब्ली. पायथन त्यात मावणार नाही, असंच बहुतेकांनी धरलं होतं.

डेमियन जॉर्ज यांनी तसं धरलं नाही. ते ऑस्ट्रेलियाचे भौतिकशास्त्रज्ञ, तेव्हा इंग्लंडमध्ये केंब्रिजला काम करत होते. छोट्या चिपवर चालेल अशी पायथन आपण नव्याने लिहू, असं त्यांनी ठरवलं आणि २०१३ च्या अखेरीस किकस्टार्टर या वेबसाइटवर लोकांकडे मदत मागितली. मागितले होते १५ हजार पौंड. जमले ९७ हजारांहून जास्त! जवळजवळ दोन हजार लोकांनी पैसे दिले होते. त्यातून मायक्रोपायथन तयार झाली आणि ती चालवणारा पायबोर्ड नावाचा छोटा बोर्डही. पुढे मायक्रोपायथन इतर कितीतरी चिपांवर गेली. पिकोवरची आरपी२०४० ही त्यातलीच एक.

पण नुसती भाषा येऊन काय उपयोग? चिपला ‘बेरीज कर’ म्हटलं तर ती करेल. ‘खोलीतली हवा किती दमट आहे ते सांग’ म्हटलं, तर? त्यासाठी दमटपणा मोजणाऱ्या सेन्सरशी कसं बोलायचं हे कुणीतरी तिला शिकवायला हवं. हे शिकवणं कोडमध्ये लिहून ठेवतात आणि त्या कोडला लायब्ररी म्हणतात. मायक्रोपायथनमध्ये अशा बऱ्याच लायब्रऱ्या आधीच भरलेल्या असतात. ‘मशीन’ चिपच्या पिना, म्हणजे वायरी जोडायच्या जागा, सांभाळते. ‘टाइम’ वेळ मोजते. ‘निओपिक्सेल’ रंगीत दिवे लावते. ‘डीएचटी’ हवेचं तापमान आणि दमटपणा वाचते. संगणकावरच्या पायथनबरोबर लायब्रऱ्यांची भलीमोठी कोठी येते. चिपवर तेवढी जागा कुठली! म्हणून इथे असतो मिसळणाचा डबा. रोज लागतं तेच, हाताशी, नेमकं.

हा डबा ठेवतात कुठे, तेही बघण्यासारखं आहे. रॅमशिवाय बोर्डावर आणखी एक मेमरी असते. तिला फ्लॅश म्हणतात आणि वीज गेली तरी तिच्यातलं काही पुसलं जात नाही. पिकोवर ती २ मेगाबाइट आहे. लायब्ररीचा कोड चिपला समजेल अशा आखूड खुणांमध्ये आधीच बदलून फ्लॅशमध्ये गोठवून ठेवतात. गोठवलेला कोड तिथूनच चालतो, त्याची नक्कल रॅममध्ये आणावी लागत नाही. म्हणजे ती २६४ किलोबाइटची रॅम तुमच्या कोडसाठी मोकळी राहते.

आता आपण यातली एकच लायब्ररी उघडून आत काय चालतं ते नीट बघू. मी डीएचटी निवडली, कारण तिच्या पोटातली धावपळ बघून माझे डोळे विस्फारले होते.

डीएचटी११ नावाचा सेन्सर म्हणजे एक निळी, जाळीदार डबी. ती चिपला जोडली की आपण लिहायचं एवढंच: ‘इम्पोर्ट डीएचटी’. मग सेन्सर कुठल्या पिनेवर आहे ते सांगायचं. मग ‘मेझर’, म्हणजे मोज. आणि मग ‘टेम्परेचर’ विचारलं की उत्तर येतं २९, ‘ह्युमिडिटी’ विचारलं की येतं ६५. चार-पाच ओळींत काम फत्ते!

पण ‘मेझर’ म्हटल्यावर आत काय होतं? चिप आणि सेन्सर यांच्यात बोलण्यासाठी फक्त एक वायर असते. दोघांनी आळीपाळीने त्याच वायरवरून बोलायचं. वायरमधला विद्युतदाब जवळजवळ शून्य असला की वायर ‘खाली’, आणि साधारण ३.३ व्होल्ट असला की ‘वर’. बोलायला एवढ्या दोनच गोष्टी आहेत.

आधी चिप वायर खाली ओढते आणि १८ मिलिसेकंद तशीच धरून ठेवते. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. त्यावरून सेन्सरला कळतं की आपल्याला हाक आली. चिप वायर सोडते आणि सेन्सर ‘ओ’ देतो: ८० मायक्रोसेकंद खाली, ८० मायक्रोसेकंद वर. मायक्रोसेकंद तर आणखी छोटा, सेकंदाचा दहा लाखावा भाग! आणि लगेच सेन्सरचा निरोप सुरू होतो. शून्य आणि एक यांचा. अशा एकेका शून्याला किंवा एकाला बिट म्हणतात, आणि हा निरोप असतो बरोबर चाळीस बिटांचा.

शून्य आणि एक ओळखायचं कसं, यातच खरी गंमत आहे. प्रत्येक बिटाआधी वायर ५० मायक्रोसेकंद खाली जाते. मग वर येते. वर आल्यावर ती २६-२८ मायक्रोसेकंदच थांबली तर ते शून्य. ७० थांबली तर तो एक. बस्स, फरक एवढाच. ‘वर’ किती वेळ राहिली ते मोजायचं, असं चाळीस वेळा, एकही न चुकता. सगळा निरोप चार-पाच मिलिसेकंदांत संपतो. तुमची पापणी अर्धीसुद्धा मिटलेली नसते!

आता अडचण अशी, की पायथनची एक साधी ओळ पार पाडायलाच चिपला कितीतरी मायक्रोसेकंद लागू शकतात. ती ओळ वाचून होईपर्यंत बिट निघूनही जाईल. मग लायब्ररी लिहिणाऱ्यांनी काय केलं? काम वाटून टाकलं. घाईचा भाग सी भाषेत लिहिला, कारण सी चपळ आहे. तो भाग सुरू होताना चिपला आधीच बजावतो, की आता दुसऱ्या कुणीही हाक मारली तरी लक्ष द्यायचं नाही. मग तो एकेक बिट मोजतो. वायर ४८ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ वर राहिली तर एक, नाहीतर शून्य. हे ४८ कुठून आलं असेल? २७ आणि ७० यांच्या मधोमध काय येतं, ते काढून बघा.

सावकाशीचं काम पायथनकडे. चाळीस बिटांचे आठ-आठचे पाच गट होतात. आपल्या उदाहरणात पहिला गट ०१०००००१, म्हणजे ६५, हा दमटपणा. दुसऱ्या गटात दमटपणाचा दशांश, तो धरा शून्य. तिसरा गट ०००१११०१, म्हणजे २९, हे तापमान. चौथ्यात त्याचा दशांश, तोही शून्य. आणि पाचवा गट ०१०११११०, म्हणजे ९४. हा कशाला? ६५, ०, २९, ० यांची बेरीज करा. ९४ आली ना? सेन्सर स्वतःच बेरीज करून पाठवतो आणि लायब्ररी इकडे पुन्हा बेरीज करते. दोन्ही जुळल्या तरच आकडा तुम्हाला मिळतो. वाटेत एखादा बिट बिघडला आणि बेरीज चुकली, तर लायब्ररी तुमच्या हाती चुकीचं तापमान देत नाही, सरळ ‘चूक झाली’ म्हणून थांबते. मला ही लायब्ररी आवडते ती सगळ्यात जास्त यासाठी.

सगळ्याच लायब्रऱ्या इतक्या गंभीर नसतात बरं का! बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मायक्रोबिट नावाचा बोर्ड आणला आणि लाखो मुलांना तो फुकट दिला. त्या पहिल्या मायक्रोबिटची रॅम होती फक्त १६ किलोबाइट. तरीही त्यावर मायक्रोपायथन बसवली, आणि लायब्ररीत चित्रं आणि सुरावटीसुद्धा! मायक्रोबिटवर पाच रांगांत पाच-पाच असे पंचवीस तांबडे दिवे असतात. ‘डिस्प्ले डॉट शो’ म्हणून कंसात ‘इमेज डॉट डक’ लिहिलं की त्या पंचवीस दिव्यांत बदक उभं राहतं. जिराफ आहे, कासव आहे, छत्री आहे, भूतसुद्धा आहे. ‘म्युझिक’ लायब्ररीत वाढदिवसाची धून आहे, बेथोव्हनची एक सुरावटही आहे. स्पीकर जोडा आणि वाजवा.

यातलं काहीच कुलूपबंद नाही. मायक्रोपायथनचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो, बदलताही येतो. तुमच्या हाती पिको लागला, तर त्याला ‘हेल्प’ म्हणून कंसात, अवतरणचिन्हांत ‘मॉड्यूल्स’ असं लिहून विचारा. आत भरलेल्या लायब्रऱ्यांची यादी तो समोर मांडेल. मग डीएचटीची पायथनवाली फाइल शोधून वाचा. घाबरू नका, ती एका पानात मावेल एवढीच आहे.

तिच्यात तुम्हाला डीएचटी११ च्या खाली डीएचटी२२ चा भाग दिसेल. तो सेन्सर म्हणजे पांढरी डबी. निळी डबी शून्य ते पन्नास अंशांपर्यंतच तापमान सांगते. पांढरी शून्याच्या खाली पार उणे चाळीसपर्यंत जाते. पण शून्य आणि एक यांत ‘उणे’ लिहायचं कसं? तापमानाच्या गटातला सगळ्यात डावीकडचा बिट त्यासाठी राखून ठेवलाय. तो एक असला की पुढच्या आकड्याला उणे चिन्ह लावायचं. लायब्ररीत त्यासाठी एक छोटीशी अट आहे, ती शोधून काढा. पुण्याच्या थंडीत ती कधी कामाला येईल असं वाटत नाही. तिला कामाला लावायचं तर पांढरी डबी जानेवारीत लेहला न्यायला हवी, नाहीतर आईला विचारून थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवायला हवी.