पलंगाखालची गुणगुण

अ‍ॅरिझोनातलं क्वार्टझसाइट हे उन्हाळ्यात सामसूम असणारं वाळवंटी गाव. हिवाळा आला की थंड राज्यांतली निवृत्त माणसं आपापली चाकांवरची घरं घेऊन इथे उतरतात. गावाबाहेरच्या सरकारी जमिनीवर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत परवाना काढून राहता येतं. जानेवारीत मेळा भरतो. संपादकांनी मला त्या मेळ्यावर लिहायला पाठवलं होतं. मेळा पाहिला, पण मन अडकलं ते एका करड्या लोखंडी पेटीत आणि ती दुरुस्त करणाऱ्या माणसात.

मोटरहोमचा इतिहास थोडक्यात सांगतो. पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने १९१० साली झोपायची आणि हात धुवायची सोय असलेली मोटार प्रदर्शनात मांडली. पण हे घर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं ते विनेबागोमुळे. आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत १९६६ पासून ही कंपनी मोटरहोम बांधू लागली. अशा गाडीत दोन तऱ्हेची वीज नांदते. तळावरच्या विजेच्या खांबाला केबल जोडली की १२० व्होल्टचा एसी मिळतो, त्यावर एअर कंडिशनर आणि मायक्रोवेव्ह चालतात. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा मात्र १२ व्होल्ट डीसीवर चालतात. या दोहोंच्या मधला दुवा म्हणजे कन्व्हर्टर, तीच ती करडी पेटी. तो १२० चे १२ करतो आणि घरातल्या बॅटरीला चार्जही करतो. जुन्या गाड्यांत त्याची जागा बहुधा पलंगाखाली किंवा बाकाखाली, प्लायवूडच्या खणात. म्हणजे नेमकी झोपणाऱ्याच्या उशाखाली.

क्वार्टझसाइटच्या एका आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे अशा गाड्यांच्या तळावर, निवृत्त शिक्षिका असलेल्या एक आजी ऐंशीच्या दशकातल्या मोटरहोममध्ये एकट्या राहतात. पलंगाखालच्या गुणगुणीने चार रात्री झोप नाही, अशी त्यांची तक्रार. दुरुस्तीला आलेले गृहस्थ सत्तरीचे. व्हॅनमध्ये अवजारं घालून ते तळातळांवर हिंडतात. त्यांनी येताच आजींना विचारलं, ‘‘मॅडम, आवाज सारखाच असतो, की कमीजास्त होतो?’’

‘‘आधी बारीक होता. आठवड्याभरात वाढला,’’ आजी म्हणाल्या.

‘‘आणि वास?’’

आजी थांबल्या. ‘‘हो, बाहेरच्या पायरीपाशी. सडक्या अंड्यासारखा.’’

पायरीखाली बॅटरी होती. गृहस्थांनी मान हलवली, पण पेटीला लगेच हात लावला नाही. आधी सगळे दिवे बंद करायला सांगितले आणि खणाच्या फळीवर तळहात ठेवून ते ऐकत बसले. मग एकेक दिवा लावायला सांगितला. आवाज जराही चढला नाही. दिवे बंद असतानाच पेटीवर पूर्ण लोड होता. वीज कुठे तरी जात होती, आणि दिव्यांत तर जात नव्हती.

ही पेटी गुणगुणते का, ते समजायला तिच्या पोटात शिरावं लागतं. जुन्या कन्व्हर्टरमध्ये फेरोरेझोनंट जातीचा ट्रान्सफॉर्मर असतो. हे तंत्र जोसेफ सोला यांनी १९३८ मध्ये सिद्ध केलं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत एक जड सीव्हीटी, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा ट्रान्सफॉर्मर, कोपऱ्यात गुणगुणत असे. तो याच कुळातला. यात व्होल्टेज सांभाळायला एकही ट्रान्झिस्टर लागत नाही. सिलिकॉन स्टीलच्या पातळ पत्र्या एकावर एक रचून कोअर बनवतात. दुय्यम वाइंडिंगला एक कंडेन्सर जोडतात. वाइंडिंग आणि कंडेन्सर मिळून अमेरिकेतल्या विजेच्या ६० सायकलच्या आसपास अनुनादात येतात आणि कोअरचा तो भाग चुंबकत्वाने तुडुंब भरतो. भरलेल्या लोखंडात आणखी काही मावत नाही, म्हणून आत येणारं व्होल्टेज वरखाली झालं तरी बाहेरचं जवळजवळ तेवढंच राहतं. भर दुपारी तळावरच्या सगळ्या गाड्यांचे एअर कंडिशनर चालू झाले आणि खांबावरचे १२० व्होल्ट १०५ वर आले, तरी गाडीतले दिवे मंदावत नाहीत. निव्वळ लोखंड आणि तांब्याने हे साधावं, याचं मला अजून नवल वाटतं.

आवाजही त्या भरलेल्या लोखंडाचाच. चुंबकत्व चढलं की स्टीलची लांबी किंचित बदलते. मीटरभर पत्र्यात फरक काही मायक्रॉनचाच, पण दर सायकलला दोनदा. ६० सायकलचे १२० हेलकावे होतात आणि तोच सूर ऐकू येतो. आपल्या ५० सायकलच्या विजेवर तो १०० चा लागतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने पत्र्यांमधलं वार्निश सुकतं, आवळलेले बोल्ट रस्त्याच्या खडखडाटाने सैल होतात, आणि खालची प्लायवूडची फळी तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी तो सूर मोठा करते.

त्या गृहस्थांना या आवाजाच्या छटा पाठ आहेत. एसीचा डीसी करणारा डायोड शॉर्ट झाला की गुणगुणीची घुरघुर होते. कंडेन्सर गेला तर आवाज उलट मंदावतो आणि दिवे मिणमिणतात. वाळवंटात जनरेटरवर राहणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. चार पोलचा जनरेटर मिनिटाला १८०० फेरे फिरला तरच ६० सायकल देतो. इंजिन १७४० वर रेंगाळलं की ५८ होतात. मग ही पेटी आपलं व्होल्टेजही खाली आणते, कारण व्होल्टेजच्या चढउताराला ती दाद देत नसली तरी फ्रिक्वेन्सीला बांधलेली आहे.

आजींच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. गृहस्थांनी खांबावरची केबल काढली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली आणि मल्टिमीटर लावला. १०.६ व्होल्ट. हायड्रोमीटरने एकेका सेलचं पाणी तपासलं. पाच ठीक, सहावा मेलेला. बॅटरीचा प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा. एक शॉर्ट झाला की बारा व्होल्टची बॅटरी पाच सेलची होते. पेटी मात्र आपले १३.८ व्होल्ट देतच राहते. म्हणजे उरलेल्या प्रत्येक सेलवर २.७६. सुमारे २.४ च्या वर गेलं की सेल उकळायला लागतो, पाणी उडतं, हायड्रोजन सुटतो, आणि त्यासोबत तो सडक्या अंड्याचा वासही. बॅटरी कधी भरत नाही, म्हणून पेटी रात्रंदिवस पूर्ण लोडवर राबते. आवाज पेटीचा होता, आजार बॅटरीचा. कानात बोळे घालून झोपण्यासारखं हे प्रकरण नव्हतं.

नवी बॅटरी बसली, बोल्ट आवळले गेले, पेटीखाली रबराचे वॉशर आले. आवाज उरला, पण खणाचं दार लावलं की ऐकू येईना.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण या पेटीचा मूळ दोष तिच्या हट्टातच आहे. बॅटरी रिकामी असो की भरलेली, ती एकच व्होल्टेज देते. महिनोन्‌महिने खांबाला जोडून ठेवलेल्या गाडीत बॅटरीचं पाणी हळूहळू आटतं, प्लेटा उघड्या पडतात आणि एक दिवस सेल मरतो. आजींच्या बॅटरीचंही तेच झालं असावं, असं त्या गृहस्थांचं मत. हल्लीचे स्विचिंग कन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा चालूबंद होतात, कानाच्या टप्प्यापलीकडे. वजनाला हलके. बॅटरी रिकामी असेल तर १४.४ व्होल्ट, भरत आली की १३.६, गाडी नुसती उभी असेल तर १३.२, असं पाहून देतात. त्यांचा आवाज बहुधा पंख्याचा असतो, आणि धूळ झाडून किंवा पंखा बदलून तो जातो. जुन्या पेटीचा फ्यूजबोर्ड तसाच ठेवून खालचा भाग तेवढा बदलता येईल, असे संच बाजारात मिळतात.

जुनी पेटी दुरुस्त करणं मात्र दरवर्षी अवघड होत चाललंय. कंडेन्सर त्याच मापाचा हवा, नाहीतर अनुनादच चुकतो. वीज काढल्यावरही त्यात काहीशे व्होल्ट साठून राहू शकतात. ते गृहस्थ रेझिस्टर लावून तो आधी रिकामा करतात, मीटरने खात्री करतात, मगच बोट लावतात. त्यात लोक जुन्या गाडीत लिथियमची बॅटरी टाकू लागलेत. ती आतून फार कमी विरोध करते, मिळेल तेवढा करंट ओढते, आणि जुना ट्रान्सफॉर्मर तासन्‌तास तापत, घुमत राहतो. एवढं करून १३.८ वर ती काठोकाठ भरतही नाही. तरुण मेकॅनिक पेटी उघडायच्या फंदात पडत नाहीत, सरळ नवी बसवतात. त्यांना दोष देता येत नाही. पण आजींच्या गाडीत आवाज येतो म्हणून नुसती पेटी बदलली असती, तर मेलेला सेल तसाच राहिला असता आणि नवा कन्व्हर्टरही त्यालाच भरवत बसला असता.

माझं मत विचाराल तर पेटी बदलावी. तिचं कितीही कौतुक असलं, तरी बॅटरीचं आयुष्य तिच्या हाती ठेवू नये. पण बदलण्याआधी तिचं म्हणणं ऐकून घ्यावं. अमेरिकेतल्या मराठी वाचकांपैकी कुणी जुनी आरव्ही घ्यायच्या विचारात असेल, तर सौदा करण्याआधी विकणाऱ्याला केबल जोडायला सांगा, सगळे दिवे बंद करा आणि पलंगापाशी दहा मिनिटं बसा. काही चालू नसताना पेटी जोरात घुमत असेल, तर केबल काढून, बॅटरीची वायर सोडून, तासाभराने व्होल्टेज मोजा. साडेबाराच्या आसपास असेल तर पुढचं बोला. साडेदहाच्या जवळ असेल तर नव्या बॅटरीची किंमत वजा करूनच पैसे द्या.