चाळीस मिनिटांचा हंगाम

वर्तमानपत्राचें शेवटचें पान आधी कोणीं वाचावें, यावरून घरोघर मुलांचीं भांडणें होतात, तशीं तीं आमच्या घरींहि होतात. परंतु त्या पानाशीं आमचा स्वतःचा संबंध कधीं आला नव्हता. सारें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. खिडकीजवळच्या बांकावरचा एखादा मुलगा मैदानांतला खेळ पाहूं लागला, कीं त्याला उभें करून शब्द चालवावयास लावणें, हेंच आमचें कर्तव्य असें आम्ही समजत आलों. अशा गृहस्थानें गेल्या वर्षीं आषाढापासून माघापर्यंत महाविद्यालयीन मुलांच्या बास्केटबॉलच्या सामन्यांमागें लोकलगाडीनें हिंडावें, याचें वाचकांस कौतुक वाटेल किंवा हसूं येईल. दोन्ही आलें तरी आमची तक्रार नाहीं. मात्र या हिंडण्यांत एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली, ती घरांतल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या कानांवर घालावी, एवढ्यासाठींच हा लेख.

आम्ही विठ्ठलवाडीस राहतों. कल्याण सोडून कर्जतच्या बाजूस निघालेल्या गाडीचें हें पहिलें स्थानक; पुढें उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. थोरल्या बंधूंचें व आमचें कुटुंब एकत्र आहे. त्यांचा नातू जवळच्याच एका महाविद्यालयांत वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षास होता. उंचीनें बेताचा, पण पायानें चपळ. जून महिन्यांत महाविद्यालय उघडलें, तसा हा पहांटे साडेपांचला उठून सरावास जाऊं लागला. पावसानें सिमेंटचें मैदान निसरडें झालेलें. रोज गुडघा किंवा कोपर फोडून घेऊन येई. सूनबाई त्याचे ओले कपडे वाळत घालतांना पुटपुटत, पण डब्यांत दोन पोळ्या जास्त घालण्यास चुकत नसत.

भाद्रपदांत विभागीय सामने आले. पहिल्याच सामन्यांत त्यांचा संघ तीन गुणांनीं हरला. सायंकाळीं मुलगा घरीं आला, आणि आपले बूट पुसून, कागदांत गुंडाळून त्यानें ते माळ्यावर ठेवले.

"बूट वर कां रे?" आम्हीं विचारलें.

"संपलें, आजोबा."

"काय संपलें?"

"हंगाम संपला. आतां पुढच्या वर्षीं."

आम्हांस तो थट्टा करतो आहे असें वाटलें. पण तो खरेंच बोलत होता. नियमाप्रमाणें बास्केटबॉलचा सामना दहा-दहा मिनिटांच्या चार डावांचा, म्हणजे चाळीस मिनिटांचा. त्या चाळीस मिनिटांसाठीं त्यानें तीन महिन्यांच्या पहांटा घातल्या होत्या. त्याच्या वडिलांनीं रात्रीं पानावर बसतांना सांगितलें, "झालें तें ठीक झालें. एका सामन्यासाठीं इतकें करण्यांत अर्थ नाहीं. पुढच्या वर्षीं अभ्यासाकडे पाहा." बोलणें अगदीं वाजवी होतें, आणि एरवीं आम्हींहि तेंच सांगितलें असतें. पण माळ्यावरची ती गुंडाळी आमच्या मनांतून जाईना.

विद्यापीठाच्या सामन्यांची घडण कशी असते, हें आम्हीं मग त्याच्याकडूनच समजून घेतलें. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. त्याला जोडलेलीं महाविद्यालयें आज मुंबईपासून कोंकणापर्यंत पसरलेलीं आहेत. इतक्यांना एकत्र खेळविणें शक्य नाहीं, म्हणून त्यांचे विभाग पाडलेले आहेत. आधी विभागांतले सामने, नंतर विभागाविभागांचे. आणि त्यांतून निवडलेल्या खेळाडूंचा विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातो. तेथें वर आला, तर अखिल भारतीय स्पर्धा. या आंतरविद्यापीठ स्पर्धांचा कारभार असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ही संस्था पाहते. ती १९२५ सालीं आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून निघाली. सर्व खेळांत मिळून सरस ठरणाऱ्या विद्यापीठास १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नांवाचा चषक देण्यांत येतो. हजारों मुलांतून उत्तम बारा निवडावयाचे असतील, तर ही व्यवस्था चांगली आहे, यांत शंका नाहीं.

प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा. हे सामने बहुधा बाद पद्धतीनें होतात. हरला तो घरीं गेला. आम्हीं पाटी घेऊन हिशेब मांडला. सोळा संघ धरा. बाद पद्धतीनें विजेता ठरविण्यास पंधरा सामने पुरतात. त्यांत आठ संघांना एकच सामना मिळतो, चार संघांना दोन. म्हणजे सोळांपैकीं बारा संघ दोनाहून अधिक वेळां मैदानांत उतरतच नाहींत. पदवीच्या तीन वर्षांत ज्याचा संघ दर वेळीं पहिल्या फेरींत हरला, त्या मुलाच्या वांट्यास सारे मिळून दोन तास आले. तेहि तो प्रत्येक क्षण मैदानावर असेल तर. साखळी पद्धतीनें, म्हणजे प्रत्येकानें प्रत्येकाशीं, खेळावयाचें ठरविलें, तर सोळा संघांस एकशें वीस सामने लागतील. तितका वेळ व पैसा कोणापाशीं नसतो, हेंहि खरें. पण आम्हीं आमच्या वर्गांत वर्षाच्या आरंभीं प्रत्येक मुलास एकच प्रश्न विचारून, चुकेल त्यास वर्षभर घरीं बसविलें असतें, तर आमच्या हातून किती मुलें संस्कृत शिकलीं असतीं, हा विचार आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

खेळ मुळांतून पाहावा म्हणून आम्ही त्या मुलास घेऊन दुसऱ्या महाविद्यालयांचे उरलेले सामने पाहावयास जाऊं लागलों. तो आनंदानें येत होता असें नाहीं. पण आजोबांस एकट्यांस गर्दीच्या गाडींत कसें पाठवावें, म्हणून येई. त्यानें नियम सांगावे व आम्हीं शंका काढाव्या, असा क्रम पडला.

हा खेळ इतर खेळांसारखा हळूहळू वाढलेला नाहीं. तो एका शिक्षकानें योजून केलेला आहे. अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवच्या वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ नांवाचे शिक्षक होते. हिंवाळ्यांत बर्फामुळें बाहेर जातां येईना, आणि आंत कोंडलेलीं मुलें कवायतीस कंटाळलेलीं. त्यांच्यासाठीं १८९१ च्या डिसेंबरांत नेस्मिथ यांनीं सज्जाच्या कठड्यास दहा फूट उंचीवर पीचफळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले, आणि अठरा मुलांचे नऊ-नऊ असे दोन संघ करून फुटबॉलच्याच चेंडूनें खेळ लावला. त्या पहिल्या सामन्यांत चेंडू टोपलींत एकदांच पडला. आज टोपलीच्या जागीं लोखंडी कडें व जाळी आली, बाजूस पांच-पांच खेळाडू झाले. पण ती दहा फूट उंची अजून कायम आहे.

त्या तेरा नियमांत चेंडू घेऊन धांवण्यास साफ मनाई होती. जेथें झेलला तेथूनच तो टाकावयाचा. चेंडू जमिनीवर आपटीत पुढें जाण्याची सवलत मागाहून आली. म्हणजे आधी सामान्य नियम, आणि त्याच्या पोटांत अपवाद! हें ऐकून आम्हांस पाणिनीचें व्याकरण आठवलें व खेळाविषयीं आपलेपणा वाटूं लागला. मुलास तसें सांगितलें, तेव्हां तो प्रथमच मोकळेपणीं हंसला.

हा खेळ परका आहे, असें म्हणणारे आमच्या पिढींत पुष्कळ आहेत. त्यांनीं एक योगायोग ध्यानीं घ्यावा. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें बास्केटबॉलला प्रथम स्थान मिळालें. आणि त्याच वेळीं बर्लिनमध्यें अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनीं कबड्डी व आपले देशी व्यायाम जगाला करून दाखविले. दोघेहि त्या दिवशीं तेथें पाहुणेच होते. आपल्याकडे या खेळाची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्यें सुरू झाली, राष्ट्रीय महासंघ १९५० मध्यें निघाला, आणि १९८० सालीं मॉस्को येथें भारताचा पुरुषसंघ ऑलिंपिकमध्यें खेळला. आणि मोठें क्रीडागार असल्यावांचून खेळाडू होत नाहीं, ही समजूतहि खोटी आहे. मुंबईंत नागपाड्याच्या दाट वस्तींत मस्तान वाय. एम. सी. ए. चें उघडें मैदान आहे. त्या भागांतून अब्बास मुंतसिर यांच्यासारखे खेळाडू निघाले. त्यांनीं भारताच्या संघाचें नायकत्व केलें, व १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. तेथलीं मुलें वर्षांतून एकदां नव्हे, रोज संध्याकाळीं एकमेकांविरुद्ध खेळत आलीं, हें त्यांतलें मर्म.

अमेरिकेंत लहान महाविद्यालयांची व्यवस्था निराळी आहे. जवळपासचीं सहा-आठ-दहा महाविद्यालयें मिळून एक मंडळ करतात, आणि हिंवाळाभर प्रत्येक संघ दुसऱ्याच्या मैदानावर एकदां व आपल्या मैदानावर एकदां खेळतो. त्यांतील तिसऱ्या श्रेणीच्या महाविद्यालयांत खेळासाठीं म्हणून शिष्यवृत्ति देण्यास मनाई आहे. म्हणजे पैशाची आशा नाहीं, नांवाचीहि फारशी नाहीं; तरी मुलें खेळतात, आणि गांव पाहावयास येतो. एक सामना हरला, तर पुढच्या आठवड्यांत दुसरा असतो.

हें आम्हीं मुलास सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. पण दिवाळीनंतर एके दिवशीं बूट माळ्यावरून खालीं आले. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं आसपासच्या तीन महाविद्यालयांतल्या मुलांशीं बोलणें लावलें होतें. त्यांत ज्यांनीं यांना भाद्रपदांत हरविलें तेहि होते, कारण पुढच्या फेरींत तेहि घरीं गेले होते! शिक्षकांच्या परवानगीनें दोन ठिकाणचीं मैदानें मिळालीं. चार संघ, प्रत्येकानें प्रत्येकाशीं दोनदां, एकेका मैदानावर एकदां. म्हणजे बारा सामने. दर रविवारीं सकाळीं दोन, असे सहा रविवार. चुना, शिटी आणि एक चांगला चेंडू यांचा खर्च चौघांनीं वांटून घेतला. जुन्या खेळाडूंपैकीं दोघे पंच झाले. ना चषक, ना हारतुरे.

पहिल्या रविवारीं आमचा संघ अठरा गुणांनीं हरला. आमच्या नातवाचे पांच फाउल झाले, आणि पांचव्या फाउलाबरोबर त्याला बाहेर बसावें लागलें. दुसऱ्या रविवारीं पुन्हां हार. पण या वेळीं घरीं आल्यावर बूट दाराशींच राहिले. जेवतांना तो स्वतःशींच बोलल्यासारखें म्हणाला, "त्यांचा उंच मुलगा डावीकडे वळतच नाहीं." त्याच्या वडिलांनीं मान वर केली. पुढच्या रविवारीं ते "सहज" म्हणून आले व झाडाखालीं उभे राहिले. चौथ्या रविवारीं संघ जिंकला, तेव्हां झाडाखालून सर्वांत मोठा आवाज त्यांचाच आला. शेवटचाहि सामना जिंकला. त्यांत मुलाचे फाउल दोनच होते. सहांपैकीं दोन विजय, हें कांहीं मोठें यश नव्हे. परंतु पहिल्या रविवारचा मुलगा व सहाव्या रविवारचा मुलगा हे दोन निराळे होते, हें आमच्यासारख्या अडाण्यासहि दिसलें.

आणखीहि एक गोष्ट घडली. १९४७ नंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणींत जागा मिळाली, आणि १९४९ सालीं तिचें उल्हासनगर झालें. आम्ही इतकीं वर्षें शेजारीं राहतों, पण बाजारापलीकडे येणें-जाणें थोडें. एका सामन्यानंतर दुसऱ्या संघांतल्या एका सिंधी मुलानें सर्वांना घरीं नेलें. त्याच्या आजीनें त्यांच्या रीतीप्रमाणें पापड आणि पाणी पुढें ठेवलें, आणि छावणीच्या बराकींतल्या बाळपणाच्या गोष्टी आम्हांस सांगितल्या. पुढच्या रविवारीं आमच्याकडून कोकमाचें सरबत गेलें.

आतां आक्षेप. अभ्यासाचें काय? महाविद्यालयांत ७५ टक्के उपस्थिति लागते, सहामाही परीक्षा असतात. म्हणूनच सामने रविवारीं ठेवावे, आणि परीक्षेचे आठवडे वगळावे. आमचा नातू परीक्षेंत उत्तीर्ण झाला. गुण वाढले नाहींत, घटलेहि नाहींत. खेळानें बुद्धि तीव्र झाली, असा खोटा डांगोरा आम्ही पिटणार नाहीं. पण पूर्वीं हरल्यावर दोन-दोन दिवस न बोलणारा मुलगा, एका विषयाचा पेपर कठीण गेला तेव्हां, "पुढच्याची तयारी करतों" म्हणून दिवा लावून बसला, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें.

आठ महाविद्यालयें एकत्र आलीं, तर साखळीचे अठ्ठावीस सामने होतात. रविवारीं चार धरले तर सात रविवार पुरतात. कल्याण ते बदलापूर या टप्प्यांत इतकीं महाविद्यालयें सहज आहेत. विद्यापीठाच्या सामन्यांस हात लावण्याचें कारण नाहीं. हें त्यांच्या जोडीला व्हावें. काम मुलेंच करतील. वडीलधाऱ्यांनीं इतकेंच करावें, कीं मुलगा हरून घरीं आला, तर त्याचे बूट माळ्यावर ठेवूं देऊं नयेत. आणि एखाद्या रविवारीं, आम्हांसारखा कांहीं कळत नसलें तरी, मैदानाच्या कडेस जाऊन बसावें. यंदाच्या दिवाळीनंतर आम्ही तेथें आहोंतच. येणाऱ्यांनीं उन्हासाठीं टोपी आणावी.