संगणकीय आज्ञावलीतील सूक्ष्म कालमापन

भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ. स. ११५०) अहोरात्राचे २,९१,६०,००,००० त्रुटींमध्ये विभाजन केले आहे. त्यानुसार एक त्रुटी म्हणजे सुमारे ३० मायक्रोसेकंद. त्या काळी ती मोजण्याचे साधन नव्हते. आपल्या प्रयोगशाळांत साधन आहे, परंतु त्याच्या मर्यादेकडे दुर्लक्ष होते.

दोन क्रमवारी-पद्धतींची तुलना करताना अनेक विद्यार्थी आजही टर्बो सी मधील ‘क्लॉक’ हे फलन वापरतात. ते मूळ पीसीच्या टायमरवर अवलंबून आहे. त्याची वारंवारता सुमारे ११,९३,१८२ हर्ट्झ. तिला ६५,५३६ ने भागले असता सेकंदाला १८.२ ठोके मिळतात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांना एक. शंभर संख्यांची क्रमवारी त्याआधीच पूर्ण होते. उत्तर ० येते, अथवा योगायोगाने ठोका मध्येच पडल्यास १. यांपैकी कोणताही आकडा पद्धतीविषयी काहीच सांगत नाही. तरीही त्यांवरून जर्नलमध्ये आलेख काढले जातात आणि त्यांना गुणही मिळतात!

तीच क्रिया दहा हजार वेळा करून एकूण काळास दहा हजारांनी भागणे, हा सोपा उपाय होय. मात्र प्रत्येक फेरीपूर्वी मूळ अक्रमित यादी पुन्हा भरावी व त्यासाठी लागणारा वेळ स्वतंत्रपणे मोजून वजा करावा; अन्यथा दुसऱ्या फेरीपासून क्रमित यादीचेच मापन होत राहते.

जावामध्ये २००४ पासून ‘नॅनोटाइम’ उपलब्ध आहे. तेथे नॅनोसेकंद हे केवळ एकक आहे, अचूकतेची हमी नव्हे. म्हणून हे फलन पाठोपाठ अनेकदा वापरून मिळणारा लहानात लहान शून्येतर फरक प्रयोगवहीत प्रथम नोंदवून घ्यावा.